संगणकाला जोडायचा व्हीएनए कसा निवडावा: नागपुरातल्या नवख्यांसाठी

बर्डीच्या एखाद्या दुकानात "नेटवर्क ॲनालायझर आहे का?" असं विचारलंत, तर समोर बहुधा लॅन केबल तपासायचा टेस्टर ठेवला जाईल. आपल्याला हवा आहे तो व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे व्हीएनए. हे यंत्र एका पोर्टमधून ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडतं आणि त्यातला किती परत आला, किती पलीकडे पोचला हे मोजतं. शिवाय तो किती अंशांनी मागे पडून आला, म्हणजे त्याची फेज काय, हेही सांगतं. ॲन्टेनाच्या मुळाशी कॉइल लावायची की कपॅसिटर, हे या फेजमुळेच ठरवता येतं.

स्वस्तातला व्हीएनए म्हणजे नॅनोव्हीएनए नावाचा छोटा डबा. दिसायला अगदी तसाच आणखी एक डबा बाजारात मिळतो, टायनीएसए नावाचा. तो स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. हवेत कोणते सिग्नल आहेत ते तो दाखवतो, पण ॲन्टेना जुळलेली आहे की नाही हे मोजायचं यंत्र ते नव्हे. नावं आणि डबे सारखे म्हणून ऑर्डर चुकते, तेव्हा पैसे भरण्याआधी नाव दोनदा वाचा.

१. काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

यंत्रांची यादी उघडण्याआधी कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: काय जोडणार, कोणत्या फ्रिक्वेन्सीला, आणि त्या वस्तूला कनेक्टर कोणता आहे. उदाहरणार्थ:

काटोल-वरूडच्या संत्रा बागेत मातीतला ओलावा मोजणारे लोरा (कमी विजेवर लांब पल्ल्याचा रेडिओ) नोड बसवायचे असतील, तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, आणि कनेक्टर बहुधा एसएमए किंवा छोटा यूएफएल. हॅम रेडिओ असेल तर ७ मेगाहर्ट्झपासून १४४–१४६ आणि ४३४–४३८ पर्यंत, कनेक्टर एसओ-२३९ किंवा एन. नाविक या भारतीय दिशादर्शक उपग्रहांच्या ॲन्टेनावर प्रोजेक्ट असेल तर ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. केबल टीव्ही किंवा डिशच्या कामासाठी एफ कनेक्टर, आणि तिथं ५० ऐवजी ७५ ओहम.

ही शेवटची ओळ बरेच जण विसरतात. ५० ओहमच्या व्हीएनएला एकदम नीट असलेली ७५ ओहमची वस्तू जोडली, तरी रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती कमी आहे, जास्त तेवढं चांगलं) १४ डेसिबलच दिसतो, एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलेलं) १.५. वस्तू चांगलीच असते. जोडणीचं माप वेगळं असल्यानं तसं दिसतं.

२. एकाच दिशेनं मोजणारा की दोन्ही दिशांनी

स्वस्त यंत्रं पोर्ट १ मधून सिग्नल सोडतात आणि पोर्ट २ वर फक्त ऐकतात. म्हणजे एस११ (पोर्ट १ ला परत आलेला भाग) आणि एस२१ (पोर्ट १ मधून पोर्ट २ ला पोचलेला भाग) एवढेच दोन आकडे मिळतात. एस२२ आणि एस१२, म्हणजे हेच दोन आकडे पोर्ट २ च्या बाजूनं, हवे असतील तर वस्तू उलटी जोडून पुन्हा मोजायची. पूर्ण टू-पोर्ट यंत्र दिशा आतल्या आत बदलतं आणि चारही आकडे एकदम देतं.

फक्त ॲन्टेना, केबल आणि साधे फिल्टर मोजायचे असतील तर एकदिशी यंत्र पुरतं. ॲम्प्लिफायर किंवा सिम्युलेशनमध्ये घालायची फाइल बनवायची असेल तर पूर्ण टू-पोर्टच घ्या. इथला सापळा फाइलमध्ये आहे. एकदिशी यंत्राच्या सॉफ्टवेअरनं .s2p फाइल साठवली, की एस१२ आणि एस२२ च्या रकान्यांत शून्यं भरलेली असू शकतात. सिम्युलेटर ती शून्यं खरी धरतो आणि तुमच्या फिल्टरची दुसरी बाजू आदर्श आहे असं समजून पुढचं सगळं गणित करतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

३. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यामागे काय आहे

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा. त्याच्या शेजारी डायनॅमिक रेंज (यंत्र किती क्षीण सिग्नलपर्यंत मोजू शकतं) किती, हे मात्र बारीक अक्षरात असतं. नॅनोव्हीएनए-एच आणि एच४ मध्ये एसआय५३५१ ही क्लॉक चिप आहे. सुमारे ३०० मेगाहर्ट्झपर्यंत तिची मूळ लहर वापरली जाते, त्यापुढे हार्मोनिक, म्हणजे तिच्या पटीतल्या लहरी. हार्मोनिकमध्ये ताकद कमी, म्हणून ३०० मेगाहर्ट्झच्या खाली साधारण ७० डेसिबल खोल बघता येतं आणि वर जाल तसं ते कमी होत जातं. ८६६ मेगाहर्ट्झवर ॲन्टेनाचा एस११ बघायला हे पुरेसं आहे. त्याच फ्रिक्वेन्सीवर एखादा फिल्टर नको ते सिग्नल ६० डेसिबल दाबतो का, हे बघायला ते पुरणार नाही. फिल्टरऐवजी यंत्राचाच आवाज दिसेल.

साधा ठोकताळा असा: तुमच्या कामाची फ्रिक्वेन्सी यंत्राच्या मर्यादेच्या खालच्या अर्ध्या-पाऊण भागात बसावी, आणि जेवढं खोल मोजायचं त्याहून डायनॅमिक रेंज निदान २० डेसिबल जास्त असावी.

४. आधी सॉफ्टवेअर, मग यंत्र

संगणकावरून चालवायचा व्हीएनए घेताना अर्धी खरेदी सॉफ्टवेअरचीच असते. बऱ्याच यंत्रांचं सॉफ्टवेअर यंत्र नसतानाही उतरवून घेता येतं, काहींत नमुना-डेटावर चालणारा डेमोही असतो. ऑर्डरआधी एक संध्याकाळ त्यात घालवा आणि एवढं तपासा: ते तुमच्या विंडोज किंवा लिनक्सवर उघडतं का, टचस्टोन (.s2p सारखी) फाइल साठवतं का, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वस्तू जोडून यंत्राच्या चुका काढून टाकणं) वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं का, आणि बाहेरून आज्ञा देता येतात का. पायथनमधून स्वयंचलित मोजणी करायची असेल तर एससीपीआय (मोजणी-यंत्रांची प्रमाणित आज्ञाभाषा) आज्ञा किंवा साधे सिरीयल पोर्टचे आदेश जाहीर केलेले हवेत. फाइल हाती आली की पुढचं काम स्किकिट-आरएफ ही मोफत पायथन लायब्ररी करते.

संगणक जोडण्याचा सगळ्यात मोठा फायदा बिंदूंच्या संख्येत आहे, आणि तो आकडे मांडूनच नीट कळतो. समजा यंत्र एका स्वीपमध्ये, म्हणजे पट्ट्यावरच्या एका फेरीत, १०१ बिंदू मोजतं आणि तुम्ही ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा पूर्ण पट्टा लावला. दोन बिंदूंत जवळजवळ ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडलं. लोराचा पट्टा फक्त २ मेगाहर्ट्झचा. म्हणजे त्या पट्ट्यात एकही बिंदू नसण्याची शक्यता जास्त, आणि अरुंद पट्ट्याच्या ॲन्टेनाची खोल दरी दोन बिंदूंच्या मधेच हरवून जाते. पडद्यावर सरळ रेघ दिसते आणि माणूस ॲन्टेनाला नावं ठेवतो. नॅनोव्हीएनए-सेव्हरसारखं सॉफ्टवेअर तोच पट्टा दहा तुकड्यांत मोजून जोडतं, अंतर ०.९ मेगाहर्ट्झवर येतं. त्याहून बरं म्हणजे आधी पूर्ण पट्टा एकदा बघा, मग ८४० ते ८९० एवढाच लावा आणि त्या पट्ट्यासाठी पुन्हा कॅलिब्रेट करा.

दुहेरी कॅलिब्रेशनचा सापळाही इथलाच. यंत्रात साठवलेलं कॅलिब्रेशन चालू ठेवून वर सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक केलंत, तर एकावर एक चढतात. उद्या यंत्रातलं कोणी बदललं की संगणकातलं आपोआप चुकीचं होतं. एकच जागा ठरवा. संगणकावर काम करणार असाल तर यंत्रातलं पुसून टाका आणि फक्त संगणकात ठेवा.

यूएसबीबद्दल दोन गोष्टी. मोबाइलच्या काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. यंत्र चालू होतं पण संगणकाला दिसत नाही, आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात. आधी केबल बदलून बघा. उबुंटूवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तेव्हा तुमचं खातं डायलआउट (dialout) गटात घाला, मग लॉगआउट करून परत लॉगइन करा.

५. कोणतं यंत्र कोणासाठी

काही हजारांच्या गटात नॅनोव्हीएनए-एच४ हे सुरुवातीचं यंत्र. पडदा मोठा, बॅटरी आत, संगणकालाही जोडता येतं. एचएफ, व्हीएचएफ (३०० मेगाहर्ट्झपर्यंत) आणि साध्या यूएचएफ (त्यावरच्या) ॲन्टेनांसाठी मी हेच सुचवेन. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय-ब्लूटूथ मोजायचं असेल तर नॅनोव्हीएनए व्ही२ प्लस४, जो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, किंवा लाइटव्हीएनए ६४, जो ६.३ पर्यंत. या गटात नकला फार. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काही डब्यांत आतल्या सर्किटवर पत्र्याचं शील्ड नसतं, मग पोर्ट १ चा सिग्नल हवेतूनच पोर्ट २ ला पोचतो. विक्रेत्याकडे उघड्या बोर्डचा फोटो मागा, शील्ड दिसलं पाहिजे.

त्याच्या वर फक्त संगणकावर चालणारी, पडदा नसलेली यंत्रं येतात. लिब्रेव्हीएनए १०० किलोहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, पूर्ण टू-पोर्ट आहे, त्याचं सर्किट आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं आहे आणि एससीपीआय आज्ञाही चालतात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी या घटकेला मला हे सगळ्यात योग्य वाटतं, कारण विद्यार्थ्याला यंत्राच्या आतही बघता येतं. डीजी८एसएक्यू व्हीएनडब्ल्यूए ३ हे १ किलोहर्ट्झ ते १.३ गिगाहर्ट्झचं, विंडोजवरचं यंत्र खालच्या फ्रिक्वेन्सीच्या कामाला उत्तम: क्रिस्टल, फेराइट, ट्रान्सफॉर्मर.

लाखांच्या गटात पिकोव्हीएनए १०६, कॉपर माउंटन, कीसाइटची यूएसबी यंत्रं. पिकोव्हीएनए १०६ ची श्रेणी ३०० किलोहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ आणि डायनॅमिक रेंज ११८ डेसिबल. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात ग्राहकाला रिपोर्ट द्यायचा असेल, तर या गटाशिवाय गत्यंतर नाही. तिथं आकड्याइतकंच त्या आकड्यामागचं प्रमाणपत्र लागतं.

६. कॅलिब्रेशन किट, केबल, कनेक्टर: पैसे इथं ठेवा

यंत्रावर सगळं बजेट संपवू नका. स्वस्त गटात निदान तेवढीच रक्कम या भागासाठी बाजूला काढा. हवं ते असं:

ओपन (उघडं टोक), शॉर्ट (आतून जोडलेलं टोक) आणि लोडचा (५० ओहमचा रोध) एसएमए संच, थ्रू जोड (दोन केबल सरळ जोडणारा), आरजी-४०२ किंवा चांगल्या आरजी-३१६ च्या दोन केबल ३० ते ५० सेंमीच्या, एसएमए ते एन, बीएनसी आणि एसओ-२३९ अशी प्रत्येकी दोन ॲडॅप्टर, १० आणि ३० डेसिबलचे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे), एक टी (तीन तोंडांचा जोड), एक जास्तीचा ५० ओहम लोड, क्लिप-ऑन फेराइट चार-सहा, आणि ८ मिमीचा छोटा पाना.

लोड का महत्त्वाचा? व्हीएनए शून्य कशाला म्हणायचं ते लोडवरून शिकतो. समजा लोडचा स्वतःचा रिटर्न लॉस ३० डेसिबल आहे, आणि तुमच्या ॲन्टेनाचा खरा आकडा २० आहे. मग पडद्यावर १७.६ पासून २३.३ पर्यंत काहीही दिसू शकतं. ॲन्टेना तीच, यंत्र तेच. लोड ४० डेसिबलचा असेल तर ही फेकाफेक एक डेसिबलच्या आत येते. यंत्रासोबत येणारा लोड शिकायला ठीक आहे, पण वेगळा विकत घेताना त्याचा रिटर्न लॉस आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, हे छापलेलं असेल तोच घ्या.

मोजणीची सुरुवात कुठून धरायची ती जागा म्हणजे रेफरन्स प्लेन. कॅलिब्रेशन यंत्राच्या तोंडाशी न करता, ॲन्टेना जिथं जोडणार त्या केबलच्या टोकाला करा. ८६६ मेगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३४.६ सेंमी, आरजी-३१६ मध्ये साधारण २४. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून कॅलिब्रेशननंतर जोडलेल्या प्रत्येक सेंटिमीटरला स्मिथ चार्टवरचा (फेजसकट वाचन दाखवणाऱ्या गोल आलेखावरचा) बिंदू जवळजवळ ३० अंश फिरतो. १० सेंमीचा पिगटेल (कनेक्टर लावलेली छोटी केबल) जास्तीचा लावला की बिंदू ३०० अंश फिरलेला. एसडब्ल्यूआर बरोबरच दिसेल, पण तिथं कॉइल हवी की कपॅसिटर याचं उत्तर पूर्ण चुकेल.

एसएमए घट्ट करताना नट फिरवा, केबल किंवा लोडचं अंग स्थिर धरा. अंग फिरलं की मधली पिन समोरच्या सॉकेटमध्ये घासते आणि सोनेरी मुलामा जातो. पितळी कनेक्टरला ०.५६ न्यूटन-मीटर एवढाच जोर हवा, म्हणजे पाना दोन बोटांत धरून टेकल्याबरोबर थांबायचं. यंत्राच्या पोर्टवर एक छोटा नर-मादी जोड कायम लावून ठेवा, झिजेल तो जोड.

वायफाय राउटरच्या ॲन्टेनांना बहुतेकदा आरपी-एसएमए असतो. आटे बरोबर बसतात, पण पिनऐवजी भोक असतं आणि मधला भाग जुळतच नाही. पडद्यावर सगळं उघडं असल्यासारखं दिसतं. तोंडात डोकावून बघा, पिन आहे का. तसंच ५० ओहमची एन-नर जोडणी ७५ ओहमच्या एन-मादीत घालू नका. पिन जाड असते, सॉकेट कायमचं सैल होतं.

७. खरेदी आणि कागदपत्रं

पिगटेल, ॲडॅप्टर, फेराइट यांसाठी बर्डीची इलेक्ट्रॉनिक्स दुकानं आधी बघा, कनेक्टर हातात घेऊन तपासता येतो. यंत्र मात्र बहुधा ऑनलाइनच घ्यावं लागतं. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलंत तर जीएसटी बिल, वॉरंटीचा लेखी कालावधी आणि परत करण्याची मुदत एवढं जपून ठेवा.

परदेशातून मागवलंत तर किमतीवर कस्टम ड्युटी आणि जीएसटी चढतो, आणि कुरिअर कंपनी केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागते. पैसे भरल्याची पावती आणि विक्रेत्याचं बिल पीडीएफमध्ये तयार ठेवा. "बिल कमी रकमेचं करून देतो" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. पार्सल अडकतं, आणि पुढे वॉरंटी मागताना कमी आकडाच पुढे येतो. लिथियम बॅटरी असलेलं पार्सल विमानानं पाठवण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा बॅटरी सोबत येणार की नाही ते आधीच विचारून घ्या.

कॉलेज किंवा सरकारी संस्थेसाठी घेत असाल तर आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोध, नाहीतर कोटेशन आणि तुलनात्मक तक्ता. मागणीपत्रात "व्हीएनए, ६ गिगाहर्ट्झ" एवढंच लिहिलंत तर सगळ्यात स्वस्त एकदिशी डबा येईल. पूर्ण टू-पोर्ट, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना डायनॅमिक रेंज, कनेक्टरचा प्रकार, कॅलिब्रेशन किट समाविष्ट, सॉफ्टवेअरला वार्षिक परवाना शुल्क नाही, एससीपीआय आज्ञा, आणि गरज असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, हे शब्दन् शब्द लिहा.

८. पार्सल उघडल्यावर पहिल्या दोन दिवसांत

परत करण्याची मुदत संपायच्या आत या चाचण्या करा. यंत्र वीस मिनिटं चालू ठेवा, मग ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू या क्रमानं कॅलिब्रेट करा.

लोड काढून परत लावा. एस११ उणे ४० च्या खाली जायला हवा. यावरून जोडणी दर वेळी सारखी बसते एवढंच कळतं. लोड खरंच ५० ओहमचा आहे हे यातून सिद्ध होत नाही, कारण यंत्र त्यालाच ५० मानून बसलंय.

म्हणून दुसरी चाचणी: टीच्या दोन तोंडांना दोन ५० ओहम लोड लावा आणि तिसरं तोंड पोर्ट १ ला. समांतर जोडणीत २५ ओहम होतात. १०० मेगाहर्ट्झच्या खाली एस११ उणे ९.५४ डेसिबल आणि एसडब्ल्यूआर २ दिसला पाहिजे, बिंदू स्मिथ चार्टच्या मध्यापासून डावीकडे. वर जाल तसा तो टीच्या लांबीमुळे सरकेल, ते साहजिक आहे.

तिसरी: कॅलिब्रेट केलेल्या टोकाला आणखी ३० सेंमी केबल आणि शेवटी शॉर्ट. एस११ शून्याजवळून हळूहळू खाली उतरणारी गुळगुळीत रेघ हवी. तिच्यावर लाटा दिसल्या तर लोड किंवा केबल कच्ची आहे. चौथी: दोन्ही पोर्टना लोड लावून एस२१ बघा, जाहिरातीतल्या डायनॅमिक रेंजशी ताडून पाहा. पाचवी: १० डेसिबलचा ॲटेन्युएटर मधे घाला, आकडा दहाच्या आसपास यावा.

ॲम्प्लिफायर मात्र सरळ जोडू नका. यंत्रातून उणे १० डीबीएम (०.१ मिलिवॅट) निघाले आणि ॲम्प्लिफायर ३० डेसिबलचा असला, तर पोर्ट २ वर अधिक २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट धडकतील. मधे ३० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा आणि कॅलिब्रेशन त्याच्यासकट करा. केबलवरून डीसी जात असेल तर डीसी ब्लॉकही हवा.

९. गच्चीवर मोजताना

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो. कूलरच्या गारव्यात केलेलं कॅलिब्रेशन तापलेल्या गच्चीवर सरकतं, केबलसुद्धा तापून लांबते. सकाळी आठच्या आत वर जा, यंत्र सावलीत वीस मिनिटं ठेवा आणि तिथंच पुन्हा कॅलिब्रेट करा. खिडकीतल्या कूलरचं पत्र्याचं अंग आणि पाण्याची टाकी ॲन्टेनाच्या जवळ असेल तर वाचन त्यांच्यासकटच येतं. ॲन्टेना शेवटी जिथं बसणार तिथंच मोजा.

कोरड्या हवेत लांब तारेच्या ॲन्टेनावर स्थिर वीज साठते. केबल यंत्राला लावण्याआधी तिची मधली पिन आणि बाहेरची जाळी एकमेकांना टेकवून घ्या.

मग हाताची चाचणी. मोजणी चालू असताना ॲन्टेनाची केबल मुठीत धरा आणि मूठ केबलवरून सरकवा. वक्र हलला तर केबलच्या बाहेरून करंट वाहतोय, म्हणजे केबल, यूएसबीची तार आणि लॅपटॉप सगळेच ॲन्टेनाचा भाग झालेत. ॲन्टेनाच्या मुळाशी चोक (हा बाहेरचा करंट अडवणारी गुंडाळी) आणि यूएसबी केबलवर फेराइट लावा, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि मूठ फिरवली तरी वक्र हलत नाही तोवर कोणताही आकडा लिहून घेऊ नका.

७ मेगाहर्ट्झच्या लांब तारेवर वक्र नुसताच थरथरत असेल तर तार आकाशवाणीचा मध्यम लहरींचा जोरदार सिग्नल पकडत असेल. सॉफ्टवेअरमध्ये सरासरी वाढवा, किंवा बँडविड्थ कमी करून स्वीप हळू चालवा.

लांब केबलमधला तुटका भाग शोधायचा असेल तर पूर्ण पट्टा लावू नका. ९०० मेगाहर्ट्झ आणि १०१ बिंदूंवर आरजी-५८ मध्ये फक्त ११ मीटरपर्यंतच दिसतं. पट्टा ३०० मेगाहर्ट्झ केलात की ३३ मीटर दिसतात, बारकावा ११ सेंमीवरून ३३ सेंमीवर येतो. वेग-गुणांक (केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या किती पट) ०.६६ भरायला विसरू नका, नाहीतर दोष ७ मीटरवर असला तरी यंत्र १०.६ सांगेल.

काम झालं की फाइलच्या नावात तारीख, जागा, केबल आणि कोणतं कॅलिब्रेशन ते लिहा. कनेक्टरांवर टोपणं चढवा आणि किट सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा, कारण कूलर चालू असलेल्या खोलीत ओल कनेक्टरपर्यंत पोचते. जूनच्या पहिल्या गडगडाटाला गच्चीवरून आलेली केबल यंत्राला लागलेली नको.